मागच्या दाराची गाडी

सेवाग्राम स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. बल्लारशाच्या बाजूने एक लांबलचक मालगाडी आली आणि सिग्नल न मिळाल्याने मधल्या रुळावर थांबली. उघड्या वाघिणी, त्यांवर हिरवट ताडपत्र्या, तारांनी आणि दोरखंडांनी आवळलेल्या, आणि खाली लाकडी ठोकळे. एका ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने सुटला होता. त्यातून पोलादी पट्ट्याचे चार दुवे दिसले आणि माझा आठ वर्षांचा भाचा ओरडला, “मामा, टँक!”

आमच्या पिपरी मेघेच्या ले-आउटमधले सुभेदार काका त्या दिवशी सोबत होते. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण चूक दिसली की ती जागच्या जागी दुरुस्त करायची सवय गेलेली नाही. “टँक नाही बेटा, बीएमपी आहे थे. टँकात तिघं बसतात. याच्यात आम्ही धा जन बसत होतो.”

टँक आणि ही गाडी यांतला बहुतेक फरक या हिशेबात येतो. रणगाडा म्हणजे तोफ आणि ती चालवायला लागतील तेवढीच माणसं. या गाडीत चालक, तोफ चालवणारा गनर आणि कमांडर हे तिघे गाडीचे, आणि उरलेले सात पायदळाचे जवान. ते सात योग्य जागी, जिवंत, लढण्याच्या स्थितीत उतरावेत यासाठी बाकी सगळा खटाटोप. इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन तिला आयएफव्ही म्हणतात. मराठीत ‘पायदळाची लढाऊ गाडी’ म्हणता येईल. बीएमपी या रशियन आद्याक्षरांचा अर्थही नेमका तोच. भारतात बनलेल्या बीएमपी-२ चं नाव ‘सारथ’. आपल्या पुराणातल्या रथात सारथी आणि लढवय्या अशी दोघांचीच सोय असे. या रथात मागे सात जणांची पंगत आहे.

लांबून पाहणाऱ्याचा गोंधळ होणं मात्र साहजिक आहे. चाकं मोजून कळावं म्हटलं तर टी-७२ रणगाड्याला प्रत्येक बाजूला सहा आणि बीएमपीलाही सहाच. पट्टे दोघांना, वर फिरता बुरूज दोघांना. नळी पाहिली की शंका फिटते. टी-७२ च्या तोफेचं तोंड १२५ मिलिमीटर, सारथच्या तोफेचं ३०. दुसरी खूण वजनाची. टी-७२ चाळीस टनांच्या पुढे आणि सारथ सव्वाचौदा टनांच्या आसपास, म्हणजे प्रवाशांनी भरलेली लाल एसटी साधारण जेवढी भरेल तेवढी. आणि अगदी पक्की खूण हवी तर मागे जाऊन बघावं. रणगाड्याच्या पाठीत इंजिन असतं, हिच्या पाठीला कपाटासारखी दोन दारं.

सीएडीमुळे आमच्या भागात सैन्य हा विषय परका नाही. सीएडी म्हणजे तीसेक किलोमीटरवरचा पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो, देशातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले, ती पहाट जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. गांधीजींच्या आश्रमाच्या जिल्ह्यातच हा डेपो असावा, याचं बाहेरून आलेल्या पाहुण्यांना नवल वाटतं. आम्हाला आता वाटत नाही. पण दारूगोळा ज्या गाड्यांत भरला जातो त्या गाड्यांविषयी मात्र आम्हीही ‘टँक’ या एका शब्दावर काम भागवतो.

अशी गाडी लागली कशाला? पहिल्या महायुद्धात रणगाडा आला तेव्हाच अडचण दिसली होती. रणगाडा काटेरी तारा तुडवत पुढे जाई, मागचे पायदळ मशिनगनच्या माऱ्यात जमिनीला चिकटून राही आणि एकटा पडलेला रणगाडा मग सापडे. रणगाड्याच्या आतून दिसतं फार कमी. खंदकात, भिंतीआड किंवा उभ्या तुरीत बसलेला माणूस त्याच्या काचेत येतच नाही, आणि तोच माणूस वीस पावलांवरून त्याची कंबर मोडतो. म्हणून रणगाड्याला पायदळ हवं आणि पायदळाला रणगाडा. पण एक चाळीसच्या वेगाने धावणारा, दुसरं ताशी चार-पाच किलोमीटर चालणारं. ही जोडी एकत्र पळवायची कशी?

ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत कॅनडाच्या सैन्याने एक झटपट तोड काढली. ‘प्रीस्ट’ नावाच्या स्वयंचलित तोफगाड्यांच्या तोफा काढून टाकल्या, भोकं पोलादाने बुजवली आणि त्या खोक्यांत जवान भरून रणगाड्यांमागे सोडले. या गाड्यांना ‘कांगारू’ म्हणत, पोटात पिल्लं घेऊन जाणाऱ्या. युद्धानंतर हीच कल्पना सुधारत अमेरिकेची ॲल्युमिनियमची एम-११३ आली. ती होती चिलखती टॅक्सी. जवानांना लढाईच्या काठावर सोडायचं आणि मागे फिरायचं. वर फार तर एक मशिनगन.

टॅक्सीला लढाऊ गाडी करण्याचा पहिला प्रयत्न पश्चिम जर्मनीचा, १९६० च्या सुमाराला २० मिलिमीटरच्या तोफेसह. पण जगभरचे सेनापती खऱ्या अर्थाने दचकले ते ७ नोव्हेंबर १९६७ ला, मॉस्कोच्या लाल चौकात बीएमपी-१ संचलनात आली तेव्हा. एकाच बुटक्या गाडीत ७३ मिलिमीटरची तोफ, नळीवर रणगाडाभेदी क्षेपणास्त्र, आठ जवान, आणि वर ती पोहतही होती. जवानांना आतूनच रायफल चालवता यावी म्हणून बाजूला छोटी छिद्रं होती. त्या छिद्रांमागचं कारण भयंकर आहे. सोव्हिएत नियोजकांनी गृहीत धरलं होतं की पुढचं युद्ध अणुबॉम्बचं असेल, जमीन किरणोत्साराने माखलेली असेल, तिथे जवानांनी उतरायचंच नाही. म्हणून गाडी हवाबंद आणि गाळलेली हवा आत दाबाने सोडणारी. तसं युद्ध झालं नाही, गाडी मात्र राहिली आणि कुठल्या कुठल्या वाळवंटांत, डोंगरांत गेली.

टॅक्सी कुठे संपते आणि लढाऊ गाडी कुठे सुरू होते, याचं उत्तर कागदावरही आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये युरोपातल्या सैन्यांची गणती करणारा करार पॅरिसला झाला. त्यात पायदळ वाहणारी पण किमान २० मिलिमीटरची तोफ अंगातच बसवलेली गाडी ती लढाऊ गाडी, अशी व्याख्या केली. शस्त्रं मोजायला बसलेल्या मुत्सद्द्यांना नळीचं तोंड मोजावं लागलं, कारण बाहेरून दोन्ही खोकी सारखीच.

आता जरा काळ्या मातीकडे येऊ. जुलैत आमच्याकडच्या शेतात ट्रॅक्टर फसला की तो काढायला दुसरा येतो आणि तोही फसतो, हे ज्याने पाहिलं असेल त्याला पट्ट्यांचं महत्त्व समजावून सांगायला नको. भरलेल्या ट्रकच्या टायरखाली जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला सहा-सात किलोंचा दाब येतो. सारथचे सव्वाचौदा टन दोन लांब पट्ट्यांवर पसरतात आणि दाब जेमतेम सहा-साडेसहाशे ग्राम उरतो. उभ्या माणसाच्या पावलांखाली जेवढा, साधारण तेवढाच. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात कांताराच्या खारट दलदलीत जड वाहनं रुतत असताना इजिप्तच्या बीएमपी पार गेल्या, त्या या हिशेबावर.

पण ते हलकेपण फुकट मिळत नाही. पोहण्याचंच बघा. पाण्यावर तरंगायचं तर गाडीने आपल्या वजनाएवढं पाणी बाजूला सारलं पाहिजे. सव्वाचौदा टनांसाठी सव्वाचौदा घनमीटर, एखाद्या मोठ्या टँकरभर पाणी. म्हणजे गाडी आतून पोकळ हवी आणि वजन ठरल्याहून वाढता कामा नये. पाण्यात शिरण्याआधी चालक नाकावरची फळी उभी करतो, म्हणजे लाट वर चढत नाही. आत झिरपलेलं पाणी पंप उपसत राहतात. वेगळा पंखा नाही, पट्टेच वल्ह्यांसारखे फिरतात आणि ताशी सातेक किलोमीटरने गाडी पुढे सरकते. पंजाब सीमेवर कालव्यांचं आणि खंदकांचं जे जाळं आहे तिथे पूल बांधायची वाट न पाहता पलीकडे जाणं ही चैन म्हणता येत नाही.

पोहायचं म्हणजे पत्रा पातळ. आराखडा काढणाऱ्यांनी यावर जी युक्ती केली ती मला या गाडीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. नाक इतकं तिरपं केलं की समोरून येणाऱ्या गोळ्याला पत्रा आडवा भेटत नाही. काकडी सरळ कापली तर गोल चकती निघते, तिरपी कापली तर लांब फोड. काकडी तीच, सुरीला वाट जास्त कापावी लागते. उभ्या रेषेपासून ऐंशी अंशांनी कललेला पत्रा समोरून येणाऱ्या गोळीला आपल्या जाडीच्या पावणेसहा पट वाटतो. कित्येक गोळ्या तर निसटूनच जातात. शिवाय इंजिन पुढे, उजवीकडे ठेवलं. पत्रा फुटलाच तर आधी इंजिन मार खाईल, माणसं त्याच्या मागे आहेत. ‘इंजिन गेलं तरी चालेल’ हे गणित ऐकायला क्रूर आहे, पण सातांच्या बाजूने मांडलेलं आहे.

बाजूंचं मात्र काही करता आलं नाही. तिथला पत्रा साध्या रायफलीची गोळी आणि तोफगोळ्याच्या किरचा अडवतो. जड मशिनगन जवळून चालली तर भरवसा नाही, आणि खांद्यावरच्या रॉकेटपुढे तर नाहीच. म्हणून बीएमपीचा चालक आणि कमांडर जन्मभर दोन गोष्टी घोकतात: शत्रूला तोंड दाखव, कूस दाखवू नको, आणि कशाच्या तरी आड राहा. गाडीची उंची अडीच मीटरच्या आत ठेवली ती याचसाठी. चांगला उंच धुरा असेल तर त्याच्या आड नुसता बुरूज वर काढून ती उभी राहू शकते.

बुटकेपणाची किंमत आतले भरतात. सहा जण मागच्या भागात, तीन-तीन, पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेरच्या भिंतींकडे. सातवा पुढे, चालकाच्या मागे. सुभेदार काका सव्वासहा फूट नाहीत, साडेपाचच असतील, तरी सांगतात की गुडघे भिंतीला टेकलेले, रायफल मांड्यांत, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर छत. “खड्डा आला का टोपी ठन्न वाजे.” राजस्थानात मे महिन्यात पत्र्याला हात लावायची सोय नसे, आणि मूळ आराखड्यात थंड हवेची व्यवस्था नव्हती. तोफ चालू झाली की दारूचा धूर. शिवाय दोन रांगांच्या मध्ये, ज्याला पाठ टेकून बसायचं तिथे, डिझेलची टाकी.

मागच्या दारांतही डिझेल भरतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं काका थट्टा करतात. दारं पोकळ आहेत आणि त्यांत शंभरावर लिटर इंधन मावतं. लांबच्या प्रवासात जागेचा उपयोग व्हावा हा विचार. कागदावर बरोबर आहे, कारण पाठ शत्रूकडे नसायचीच. पण शत्रूने हा कागद वाचलेला नसतो. पुढे अफगाणिस्तानात दर वळणावर, दर दिशेने मारा होऊ लागला तेव्हा याची किंमत दिसली. सुरुंगांच्या भीतीने तिथले सोव्हिएत जवान गाडीच्या आत बसेनात, वर टपावर बसून जात. चिलखत खाली आणि माणसं वर, असं उलटं दृश्य.

अफगाणिस्तानानेच दुसरी खोटही उघडी पाडली. बीएमपी-१ ची ७३ मिलिमीटरची तोफ युरोपच्या सपाट शेतांसाठी होती. तिचा गोळा सावकाश जाई, वाऱ्याने भरकटे आणि नळी डोंगराच्या माथ्यावर रोखण्याइतकी उंच होत नसे. वरून दगडांआडून गोळ्या येताहेत आणि गनर नळी कमाल उंचीला नेऊन मधल्या चढावर हळहळतोय. १९८० मध्ये सैन्यात आलेल्या बीएमपी-२ मध्ये ही तोफ बदलून ३० मिलिमीटरची जलद तोफ बसवली, जी जवळजवळ उभी, चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत वर होते. डोंगरमाथा तर आलाच, खाली आलेलं हेलिकॉप्टरही आलं. कमांडरलाही बुरुजात गनरच्या शेजारी आणलं. आधी तो चालकाच्या मागे बसे आणि त्याच्या नजरेच्या वाटेत बुरूजच येई.

या तोफेला दोन पट्ट्यांनी गोळे जातात. एका पट्ट्यात पोलाद भेदणारे, दुसऱ्यात फुटणारे, आणि गनर एका खटक्यावर बदल करतो. समोर चिलखती गाडी आली तर हा पट्टा, मोर्च्यात बसलेली माणसं असतील तर तो. सगळे मिळून पाचशे गोळे. पाचशे खूप वाटतात, पण जलद खटक्यावर ही तोफ मिनिटाला साडेपाचशे ओकते. गनरने बोट सोडलं नाही तर मिनिट भरायच्या आत पेटी रिकामी. म्हणून मंद खटका आहे, आणि तीन-चार गोळ्यांच्या फैरी मारायची शिस्त. काकांच्या भाषेत, “मिठावानी वापराचं, पिठावानी नाही.”

तोफ रणगाड्याचं समोरचं चिलखत भेदू शकत नाही. त्यासाठी टपावर कोंकुर्स क्षेपणास्त्र. भारतात ते भारत डायनॅमिक्स बनवते. चार किलोमीटरपर्यंत जातं, आणि जाताना मागे बारीक तार सोडत जातं, पतंगाच्या मांजासारखी. गनरने दुर्बिणीतली फुली लक्ष्यावर धरून ठेवायची, दुरुस्तीचे इशारे तारेतून जातात. पूर्ण पल्ल्याला वीसेक सेकंद लागतात. वीस सेकंद गाडी हलवायची नाही, फुली हलू द्यायची नाही, आणि समोरच्या रणगाड्याने तुम्हाला पाहिलेलं असू शकतं. दुसरं क्षेपणास्त्र चढवायला झाकण उघडून कुणीतरी छातीपर्यंत बाहेर यायचं.

तेव्हा ही गाडी रणगाडा मारू शकते, पण रणगाड्याशी झुंजू शकत नाही. याला अपवाद घडतात. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या स्तेपोवे गावात दोन अमेरिकी ब्रॅडली गाड्यांनी रशियाच्या टी-९०एम रणगाड्याला अगदी जवळून २५ मिलिमीटरच्या फैरींनी असं झोडपलं की त्याच्या दुर्बिणी निकामी झाल्या आणि बुरूज गरगर फिरत राहिला. चित्रफीत जगभर फिरली. तिच्यावरून बोध घेणाऱ्यांनी इतकं लक्षात ठेवावं की चिलखत तिथेही फुटलं नव्हतं. रणगाडा आंधळा झाला होता.

लढाईतला खरा कळीचा प्रश्न वेगळाच आहे: सातांना उतरवायचं कुठे? शत्रूच्या मोर्च्यापासून पाचशे मीटरवर उतरवले तर गाडी सुरक्षित, पण जवानांना उघड्यावर पाचशे मीटर पळायचं. थेट मोर्च्यावर नेऊन उतरवले तर पळणं वाचलं, पण वाटेत एक रॉकेट लागलं तर सातही जण एकदम. याचं छापील उत्तर नाही. जमीन, शत्रूची हत्यारं, आपल्या तोफखान्याचा मारा किती वेळ चालेल, हे पाहून कंपनी कमांडर ठरवतो आणि त्याच्यावरच ते ओझं असतं. ठरलं की गाडी वळसा घेते किंवा आडोसा धरते, दारं उघडतात, सहा जण मागून आणि सातवा वरच्या झाकणातून बाहेर पडून दोन्ही बाजूंना पसरतात, आणि गाडी थांबून त्यांच्या बाजूने, त्यांच्या पुढे गोळे टाकत राहते. रणगाडे दूरचं बघतात, गाड्या मधलं, जवान जवळचं. हे तिन्ही एकमेकांच्या नजरेत असले तर सैन्य पुढे सरकतं.

नसले तर काय होतं ते ग्रोझ्नीने दाखवलं. ३१ डिसेंबर १९९४ ला रशियाच्या तुकड्या चेचन्याच्या या राजधानीत रणगाडे आणि बीएमपींच्या रांगा करून शिरल्या. जवान आतच बसलेले. तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून रॉकेटं सुटली. पहिली गाडी, शेवटची गाडी, मग मधल्या. रणगाड्यांच्या नळ्या ना इतक्या वर होत होत्या, ना इतक्या खाली. मायकोपची ब्रिगेड स्टेशनाजवळ जवळजवळ संपली. गाडी तीच होती, दारंही तीच होती, ती वेळेवर उघडली नाहीत.

आपल्या सैन्यानेही धडे फुकट घेतलेले नाहीत. ऑक्टोबर १९८७ पासून श्रीलंकेत शांतिसेनेच्या बीएमपी जाफन्याच्या अरुंद रस्त्यांवर गेल्या तेव्हा रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांनी त्यांचा पातळ तळ गाठला. नदी पोहायला हलका केलेला तळ, आणि शत्रूने नेमका तोच निवडला.

भारतीय पायदळ गाड्यांत बसवण्याचं श्रेय सांगताना जनरल कृष्णस्वामी सुंदरजींचं नाव पहिलं येतं. मूळचे महार रेजिमेंटचे अधिकारी, पायदळातून आलेले, आणि तरी आयुष्यभर वेगाचा ध्यास. निरनिराळ्या जुन्या रेजिमेंटांच्या नामवंत पलटणी काढून २ एप्रिल १९७९ रोजी मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली. शेदोनशे वर्षांच्या परंपरेच्या पलटणींना नाव, निशाण आणि सवयी बदलायला सांगणं सोपं गेलं नसणार. मैलोन्‌मैल चालण्याचा अभिमान बाळगणाऱ्या जवानाला आता ग्रीस आणि डिझेलचे हात करायचे होते. पुढे सुंदरजी लष्करप्रमुख झाले आणि १९८६-८७ मध्ये राजस्थानात ‘ब्रासटॅक्स’ हा प्रचंड सराव झाला, तो या विचाराचीच परीक्षा होता.

या गोष्टीत महाराष्ट्र काठावर नाही, मधोमध आहे. रेजिमेंटचं केंद्र अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. रणगाडा दलाचं केंद्र आणि प्रशिक्षण शाळा तिथेच, रणगाड्यांचं संग्रहालय तिथेच आणि डीआरडीओची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीईही तिथेच. आणि विदर्भापुरतं बोलायचं तर ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स या रेजिमेंटचं केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. गार्ड्‌सच्याही अनेक पलटणी याच गाड्यांवर लढतात, आणि ‘नाग’ क्षेपणास्त्र वाहणारी ‘नामिका’ ही गाडी बीएमपीच्याच सांगाड्यावर बांधलेली आहे. मार्च २०२५ मध्ये या प्रणालीसाठी १,८०१ कोटींचा करार झाला. कामठीच्या बाजारात सुट्टीवर निघालेला जवान ट्रंक घेऊन रिक्षा ठरवताना दिसतो, त्याच्या खांद्यावरची पट्टी कधी निरखून पाहावी.

सारथ बनते तेलंगणात, येड्डुमैलारमच्या कारखान्यात, ज्याला अजून सगळे मेदकचा कारखाना म्हणतात. १९८४ ची स्थापना, १९८७ मध्ये सोव्हिएत सुट्या भागांतून पहिली गाडी जोडली, मग हळूहळू भाग इथेच होऊ लागले. २०२१ पासून तो आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे आहे. तिथून उत्तरेला रेल्वेने जायचं तर काझीपेठ, बल्लारशा, सेवाग्राम, नागपूर हीच सरळ वाट. त्यामुळे आमच्या प्लॅटफॉर्मवरून ताडपत्र्या दिसतात यात नवल नाही. रुंदी सव्वातीन मीटरच्या आत, म्हणून वाघिणीवर नीट बसते. टी-९० तिच्याहून अर्ध्या मीटरहून जास्त रुंद, त्याच्या प्रवासाला जास्त तयारी लागते.

सैन्याकडे अशा दोन हजारांवर गाड्या आहेत आणि जून २०२० मध्ये आणखी १५६ गाड्यांची सुमारे १,०९४ कोटींची मागणी नोंदवली गेली. त्याच उन्हाळ्यात पूर्व लडाखमध्ये तणाव वाढला आणि बीएमपी चौदा हजार फुटांच्या वरच्या पठारांवर उभ्या राहिल्या. तिथे हवा मैदानापेक्षा सुमारे चाळीस टक्के विरळ. इंजिनालाही माणसासारखाच दम लागतो. सकाळी सुरू करण्यापूर्वी तेल गरम करावं लागतं आणि पट्ट्यांना चिकटलेला बर्फ ठोकून काढावा लागतो. युरोपच्या अणुयुद्धासाठी आखलेली गाडी हिमालयाच्या पाठीवर उभी, हे तिच्या आराखडाकारांनी स्वप्नातही पाहिलं नसेल.

आराखडा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. बदली गाडीचा प्रकल्प पंधरा वर्षांहून जास्त काळ कागदांवर फिरतो आहे. २०२१ मध्ये सुमारे १,७५० नव्या गाड्यांसाठी पुन्हा विचारणा निघाली. विलंबाला फाइलींचा संथपणा कारण आहेच, पण माझ्या मते अडचण मागणीतच आहे. जग जड गाड्यांकडे गेलं. जर्मनीची प्यूमा पूर्ण चिलखतात चाळीस टनांवर, इस्रायलची नामेर साठ टनांची. ब्रॅडलीने चिलखत वाढवता वाढवता पोहणं सोडून दिलं. आपल्याला मात्र कालवेही ओलांडायचे आहेत, लडाखही चढायचं आहे, सुरुंगही सोसायचे आहेत आणि विमानातूनही न्यायची आहे. चौघांची मर्जी सांभाळणारा जावई मिळणं कठीण, तशातली गत.

एक वाट चाकांची आहे. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईने टाटांच्या सोबतीने आठ चाकांची, पोहणारी ‘व्हॅप’ तयार केली. तिच्यावर बेतलेल्या काही गाड्या एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात सैन्याच्या हवाली झाल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोत तिचा कारखाना उघडला. चाकं रस्त्यावर वेगवान, देखभालीला स्वस्त. पण जुलैच्या काळ्या मातीत चाक आणि पट्टा यांत कोण जिंकतं, ते आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. आणि आता वरून येणारे ड्रोन. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी गाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे चढवले आहेत, कारण छत हा तिचा सर्वांत पातळ भाग आणि तिथून कुणी येईल असं १९६० च्या दशकात कुणाला वाटलं नव्हतं.

हे सगळं अर्थातच मी त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर बोललो नाही. भाच्याचे प्रश्न वेगळे होते. आत पंखा आहे का, संडास आहे का (नाही, यावर तो फार वेळ विचार करत होता), आणि शेवटी, “आजोबा, खिडकीची जागा कोणाला मिळते?”

“सगळ्यायलेच,” काका म्हणाले. त्यांनी चार बोटं आडवी धरून दाखवली. “एवढी काच राहते पेरिस्कोपची. आपापल्या समोर.”

“मग काय दिसतं त्यातून?”

सिग्नल पडला, मालगाडीला झटका बसला आणि ताडपत्र्या एकामागून एक हलू लागल्या. काका त्यांच्याकडे पाहत राहिले.

“धूळ,” ते म्हणाले.